कोळशाच्या रस्त्यावरचा पिवळा दिवा

वणी तालुक्यातल्या राजूरचं नाव काढलं की कोळसा आणि चुना हे दोनच धंदे डोळ्यांपुढे येतात. जमिनीच्या पोटात वर्धा खोऱ्याचा कोळसा, वर चुनखडी. त्यामुळे भट्टीला लागणारा दगड आणि जळण दोन्ही घरचंच. चुनखडीतला कर्बवायू निघून कळीचा चुना हाती यायचा, तर भट्टीच्या पोटात ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास ताव लागतो. हवा कमी पडली की कोळसा धुमसतो आणि काळा धूर ओकतो. हवा जास्त झाली की उष्णता धुराड्यावाटे आभाळात जाते. भट्टीवर जन्म काढलेला माणूस धुराचा रंग बघून सांगतो, हवा किती सोडायची ते.

याच रस्त्यावरून हल्ली टर्बो पेट्रोलच्या गाड्या धावतात. कोळसा कंपनी वेकोलिचे कर्मचारी, कंत्राटदार, वणीचे व्यापारी, डॉक्टर, सगळ्यांच्या दारात त्या आल्या. पूर्ण जोर लावला की या इंजिनाचा धूर टर्बाइनच्या तोंडाशी पोहोचतो तेव्हा त्याचं तापमान भट्टीच्या बरोबरीचं असतं, कधी वरचढही. जळण आणि हवा यांचा मेळ इथेही घालावाच लागतो. मात्र नळकांड्यात डोकावून धुराचा रंग बघायला तिथे कोणी बसलेलं नाही. ते काम बोटाएवढा एक सेन्सर करतो. त्याला ऑक्सिजन सेन्सर किंवा लॅम्डा सेन्सर म्हणतात. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, स्कॅनरने ‘मिश्रण पातळ’ असं काही सांगितलं, की पहिला आळ याच्यावर येतो. ‘सेन्सर गेला’ हे निदान आपल्याकडे इतकं रुळलं आहे की तो बदलल्यावर पंधरा दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागला, तर माणसं म्हणतात, ‘नवा सेन्सरही डुप्लिकेट निघाला.’

माझं म्हणणं असं, की बहुतेक वेळा सेन्सर खरंच सांगत असतो. आपण त्याला विचारतो एक आणि तो उत्तर देतो दुसऱ्याच प्रश्नाचं. त्याला पेट्रोल कळत नाही. तो जिथे बसला आहे, तिथल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, एवढंच त्याला कळतं. टर्बोच्या गाडीत त्या ‘जिथे’ला फार किंमत आहे.

आधी या सेन्सरचं कूळ पाहू. झिर्कोनिया नावाची एक चिनीमाती. तिच्यात थोडा इट्रिया मिसळून ती तापवली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर; दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत तेवढा विजेचा दाब. हा हिशेब ज्या सूत्रावर उभा आहे ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट याचं. त्याला १९२० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे बॉश कंपनीने या चिनीमातीची टोपी धुराच्या नळीत बसवली, आणि १९७६ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वोच्या गाडीत ती पहिल्यांदा आली. हीच चिनीमाती औष्णिक वीजकेंद्रांच्या बॉयलरमध्येही असते. कोळशाला हवा नेमकी किती द्यायची ते धुरातला उरलेला ऑक्सिजन मोजून ठरवतात. म्हणजे या पट्ट्यातला कोळसा ज्या भट्ट्यांत जातो, त्यातल्या मोठ्या भट्ट्यांवर पहारा करणारा आणि त्या कोळशाच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीतला पहारेकरी एकाच जातीचे.

साध्या सेन्सरचं बोलणं हो-नाहीचं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. मेळ नेमका असला तर त्याला लॅम्डा १ म्हणतात. पेट्रोल जास्त झालं की सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास जातो, हवा जास्त झाली की ०.१ च्या आसपास. मधल्या ०.४५ वर तो थांबतच नाही, सतत वर-खाली उडत राहतो, आणि कॉम्प्युटर त्या उड्यांवरून पेट्रोल कमीजास्त करतो. टर्बोच्या नव्या गाड्यांत बहुधा वाइडबँड सेन्सर असतो. त्याच्या पोटात दोन कप्पे. एक मोजतो, दुसरा ऑक्सिजन आत-बाहेर पंप करून पहिल्या कप्प्यातला मेळ कायम लॅम्डा १ वर धरून ठेवतो. पंपाला किती करंट लागला, त्यावरून मिश्रण किती पातळ वा किती जाड ते आकड्यात कळतं. लॅम्डा १ ला करंट शून्य.

इथेच जुन्या पद्धतीने शिकलेल्या मिस्त्रीची पहिली फसगत होते. मल्टीमीटर लावला, सुई ०.१ ते ०.९ उडत नाही, म्हणजे सेन्सर मेला. वाइडबँड कधी उडतच नाही. त्याच्या तारा मल्टीमीटरने बघून काही कळत नाही. स्कॅनरवर लॅम्डाचा आकडा किंवा मिलिअँपिअर बघावे लागतात. बहुधा चार तारांचा तो साधा आणि पाच तारांचा तो वाइडबँड, एवढी ओळख करून घेतली तरी बरेच धडधाकट सेन्सर भंगारात जायचे वाचतील.

आता जागेकडे वळू. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशीने १९०५ मध्ये टर्बोचं पेटंट घेतलं. कल्पना अशी की धुरात फुकट जाणाऱ्या जोरावर एक चाक, म्हणजे टर्बाइन, फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात जास्त हवा कोंबायची. धूर चाकाला रेटणार म्हणजे चाकाच्या आधी तो तुंबणार. टर्बाइनच्या अलीकडे दाब जास्त, तापमान जास्त. पलीकडे दोन्ही उतरलेली. साध्या इंजिनात सेन्सर मॅनिफोल्डवर, चारही नळ्या एकत्र येतात तिथे बसवला की झालं. टर्बोच्या गाडीत ती जागा टर्बाइनच्या अलीकडे येते. म्हणून बहुतेक कंपन्या सेन्सर टर्बाइनच्या पलीकडे, कॅटच्या, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, तोंडाशी बसवतात.

याची कारणं नीट समजून घेतली पाहिजेत, कारण बाहेरून टर्बो बसवणारी, रिमॅप करणारी हौशी मंडळी नेमकी इथे चुकतात. पहिलं कारण ताव. वाइडबँड सेन्सरला धुराचं साधारण ९३० अंशांपर्यंतचं तापमान कायम सोसतं, त्याच्या वर थोडाच वेळ. टर्बाइनच्या अलीकडे घाटात पूर्ण भारावर हा आकडा सहज ओलांडला जातो. दुसरं कारण दाब. वाइडबँडचा करंट दाबाबरोबर वाढतो. लॅम्डा १ ला करंटच शून्य, त्यामुळे तिथे फरक पडत नाही. पण पूर्ण जोरात इंजिन थंड ठेवायला मिश्रण मुद्दाम जाड ठेवलेलं असतं. तेव्हा टर्बाइनच्या अलीकडे बसवलेला सेन्सर त्याला आहे त्याहून जाड सांगतो. ते ऐकून कोणी पेट्रोल कमी केलं, की ज्या क्षणी पिस्टनला ओलाव्याची सर्वांत जास्त गरज, त्याच क्षणी तो कोरडा पडतो. पिस्टन वितळल्यावर दोष टर्बोला जातो, पेट्रोलला जातो. सेन्सरच्या जागेकडे कोणी बघत नाही. तिसरं कारण साधं आहे. चिनीमातीचा तुकडा मोडला तर टर्बाइनच्या पात्यांत जायला नको.

पलीकडची जागाही कुठेही चालत नाही. सेन्सर नळीच्या वरच्या अर्ध्या भागात, टोक खाली झुकलेलं, आडव्या रेषेपासून निदान १० अंश वर असावा. घड्याळाच्या भाषेत दहा ते दोनच्या मध्ये असला तर उत्तमच. कारण पाणी. पेट्रोल जळलं की वाफ होते, आणि थंड नळीत सकाळी तिचं पाणी होऊन तळाला साचतं. सेन्सरच्या आत हीटर असतो, वाइडबँडचं टोक तो ७५० अंशांच्या वर नेऊन ठेवतो. लालभडक चिनीमातीवर पाण्याचा एक थेंब पडला की तिला तडा जातो. म्हणून कंपनीची गाडी सुरू झाल्याबरोबर हीटर पूर्ण पेटवत नाही. नळी सुकेपर्यंत तो मंद ठेवते. बाहेरून बसवलेल्या मीटरमध्ये ही दक्षता नसली, आणि सेन्सर नळीच्या पोटाखाली उलटा लावलेला असला, तर नवा सेन्सर दोन महिन्यांत जातो. मग वॉरंटीवरून भांडण.

टर्बोपासून लांब बसवला तर आणखी एक अडचण. बातमी उशिरा पोहोचते, नळी थंड पडते, आणि मधल्या प्रत्येक जोडातून बाहेरची हवा आत यायची सोय होते. आताच्या छोट्या टर्बो इंजिनांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयमध्ये मॅनिफोल्ड वेगळा राहिलेलाच नाही. तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे, टर्बो थेट हेडला चिकटलेला. मॅनिफोल्डला तडा जायचा प्रश्न मिटला. हेड आणि टर्बोमधलं पॅकिंग मात्र उरलंच.

पॅकिंगवरून एका गाडीची गोष्ट सांगतो. वणीच्या एका गॅरेजमध्ये ती उभी होती, टर्बो पेट्रोल, साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेली. तक्रार अशी: पिकअप नाही, अॅव्हरेज पडलं, पिवळा दिवा. कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ. मालकाने आधीच एकीकडे सेन्सर बदलून घेतला होता, आणि चार दिवसांत दिवा परत.

‘अजून एक बदलून टाका,’ मालक म्हणाले.

‘थांबा जी,’ मिस्त्री म्हणाला. ‘आधी पाहू तं द्या. सेन्सर बोंबलून राह्यला, मंग त्याचंच तोंड काऊन दाबता?’

त्याने स्कॅनरवर फ्रीझ फ्रेम काढली. कोड पडला त्या क्षणी इंजिन कोणत्या स्थितीत होतं, याची ती नोंद. इंजिन गरम, गाडी उभी, आरपीएम सातशेच्या घरात. मग फ्युएल ट्रिम: कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतो तो आकडा. साधारण २० ते २५ टक्क्यांच्या पुढे हा सरकला की दिवा लागतो. इथे उभ्या गाडीत तो वीसच्या वर होता. पाय दाबून आरपीएम तीन हजारांवर धरले तर तो चार-पाचावर आला.

बऱ्याच गॅरेजांत एवढ्यावर ‘इनटेकला हवा मारते’ म्हणून पाइप बदलायला घेतात. पण या गाडीत हवा मोजणारा एमएएफ नव्हता. इनटेक मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा हिशेब होत होता. अशा गाडीत थ्रॉटलच्या पलीकडून हवा शिरली तर दाब वाढलेला दिसतो, आणि कॉम्प्युटर त्या हवेचंही पेट्रोल बरंचसं देऊन मोकळा होतो. ट्रिम एवढी चढायला कारण धुराच्या बाजूला शोधायला हवं होतं. धुराच्या नळीत दाब सतत नसतो, तो ठोक्यांनी येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर ओढ पडते आणि बारीक फटीतून बाहेरची हवा आत जाते. सेन्सरला त्या हवेतला ऑक्सिजन दिसतो. तो म्हणतो, पातळ. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. इंजिनात मिश्रण खरोखर जाड होतं, अॅव्हरेज पडतं, आणि पडद्यावर मात्र ‘पातळ’. जोरात चालवताना ठोके इतके दाट होतात की ओढ राहत नाही, फटीतून धूर बाहेरच जातो. सेन्सरला फसवणारं काही उरत नाही, मात्र टर्बाइनला मिळायचा रेटा गळतो. पिकअपची तक्रार तिथली.

गाडी रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी सुरू करताच बॉनेटखालून टिक-टिक-टिक, मिनिटभर. मग लोखंड फुगलं तसा आवाज बंद. मिस्त्रीने उष्णतारोधक पत्रा काढला. हेड आणि टर्बोच्या जोडावर एका स्टडच्या शेजारी काजळीची काळी जीभ उमटलेली होती, करंगळीच्या नखाएवढी. स्टड ढिला, पॅकिंग जळालेलं. पॅकिंग आणि स्टड बदलले, ट्रिम तीनवर आली. नवा सेन्सरही चांगला, आणि आधी काढून टाकलेला जुनाही बहुधा चांगलाच होता.

सेन्सर कधीच जात नाही असं नाही. पण मरतानाही तो कशाने मेला ते सांगून जातो, कोणी टोक बघितलं तर. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण जाड. तेलकट, राखेचा थर म्हणजे इंजिन तेल पितं, टर्बोच्या गाडीत बहुधा टर्बोची सील गेली. पांढुरका, काचेसारखा लेप म्हणजे सिलिकॉन: कोणी तरी पॅकिंगऐवजी साधी सिलिकॉनची ट्यूब फासली, नाहीतर हेड गॅस्केटमधून कूलंट येतंय. अशा वेळी नवा सेन्सर लावला तर तोही त्याच वाटेने जाणार. पूर्वी सर्वांत मोठं विष शिसं होतं. १९९५ मध्ये महानगरांत कॅट सक्तीचा झाला, तेव्हा शिसेविरहित पेट्रोल सगळीकडे मिळत नव्हतं. देशभरातून शिसं हटलं ते २००० साली.

आणखी एक चकवा मिसफायरचा. एका सिलिंडरचा प्लग पेटला नाही, तर त्यातलं पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता बाहेर पडतात. माणसाच्या नाकाला कच्च्या पेट्रोलचा वास येतो, आणि सेन्सर म्हणतो पातळ! कारण त्याला दिसतो तो न वापरलेला ऑक्सिजन. पी ०१७१ बरोबर मिसफायरचा पी ०३०० घराण्यातला कोड असेल, तर आधी प्लग आणि कॉइल बघावी.

उलट तक्रार पी ०१७२ ची, मिश्रण जाड. एमएएफ असलेल्या टर्बोत हवा मोजली जाते फिल्टरजवळ. पुढे इंटरकूलरच्या रबरी पाइपाची क्लिप निसटली की मोजलेली हवा रस्त्यातच सुटते. पेट्रोल मात्र पूर्ण हिशेबाने पडतं. काळा धूर, फुसफुस आवाज, आणि बहुधा जोडीला पी ०२९९, म्हणजे बूस्ट कमी. कोळशाच्या रस्त्यावरचे खड्डे अशा क्लिपांचे शत्रू आहेत. हीटरचा पी ०१३५ तेवढा सरळ. फ्यूज बघा, तारा बघा, ओहममीटरने हीटर बघा. तो उघडा दाखवत असेल तर सेन्सर बिनदिक्कत बदला.

या सगळ्यात २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने भर घातली आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते; शुद्ध पेट्रोलचा १४.७ चा आकडा ई-२० ला साडेतेराच्या घरात येतो. सेन्सरला याचं काही वाटत नाही, कारण तो उरलेला ऑक्सिजन बघतो, कॉम्प्युटर थोडं पेट्रोल वाढवून मेळ घालतो. पण जी गाडी आधीच बारीक गळतीमुळे अठरा टक्क्यांवर टेकलेली आहे, तिला हे वरचे काही टक्के काठावरून ढकलतात. मालक पंपवाल्याशी भांडतो. पंपवाल्याचा त्यात तसा दोष नसतो.

टिप्परांची गोष्ट थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आणि कोळशाच्या मोठ्या डिझेल गाड्यांत युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ, आणि धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारे नॉक्स सेन्सर आले. तो सेन्सरही झिर्कोनियाचाच, ऑक्सिजनही मोजतो. तो बिघडला की इंजिन स्वतःचा जोर कमी करतं, भरलेली गाडी चढावर रडते आणि खेप बुडते. मग कोणी ही सगळी यंत्रणाच ‘डिलीट’ करून देतो म्हणतो. ते बेकायदा आहे. आणि ज्या गावांनी आधीच कोळशाची धूळ गिळली, त्यांच्या अंगावर आणखी धूर सोडणं आहे. वाहतूकदारांची अडचण मला कळते, पण हा उपाय मला पटत नाही.

कारमधलं तसंच एक दुखणं दुसऱ्या सेन्सरचं. २०१३ पासून ओबीडी-२ आलं आणि कॅटवर नजर ठेवणं सक्तीचं झालं. त्यासाठी कॅटच्या पुढे आणखी एक सेन्सर. पहिला मिश्रण सांभाळतो, दुसरा कॅटची परीक्षा घेतो. कॅट थकला की पी ०४२०. नवा कॅट महाग, म्हणून काही गॅरेजांत दुसऱ्या सेन्सरखाली एक लांबडं बूश लावून त्याला धुराबाहेर उचलतात. दिवा विझतो, धूर तसाच. पीयूसीच्या यंत्रात मात्र ते कधीकधी उघडं पडतं, कारण बीएस-४ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांची इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास ठेवून तपासणी होते, कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये यावा लागतो. सायलेन्सरला भोक असेल तरी लॅम्डा वर जातो. तिथेही पुन्हा जागेचाच खेळ: यंत्राची नळी शेपटाशी, भोक तिच्या आधी.

सेन्सर बदलायची वेळ आलीच तर तो गाडी कोमट असताना खोलावा, चीर असलेल्या २२ च्या पान्याने. थंड लोखंडात १८ मिमीचा आटा अडकून तुटतो. टोकाला ग्रीस लागू देऊ नये, कनेक्टरमध्येही भरू नये, आणि तारा डाग देऊन जोडू नयेत. बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या तारांच्या आतूनच मिळते. ती वाट बुजली की सेन्सर उलटसुलट सांगू लागतो, आणि राजूरच्या पावसाळी चिखलात कनेक्टर बुडाला तरी तेच होतं. पावसाळ्यानंतर दिवा लागला, तर सेन्सर मागवायच्या आधी तो कनेक्टर उघडून बघायला मिस्त्रीला सांगा.